हिशेबाबाहेर राहिलेली वर्षे

देशातील स्त्रियांच्या आरोग्याची सर्वांत मोठी शासकीय मोजदाद म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. विवाहाचे वय, बाळंतपणे, संततिनियमन, रक्तक्षय अशा अनेक गोष्टींची माहिती त्यातून मिळते आणि शासनाच्या योजना पुष्कळ अंशी तिच्यावर बेतल्या जातात. या सर्वेक्षणात सविस्तर मुलाखतीसाठी निवडल्या जातात त्या १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रिया. ही मर्यादा का घातली गेली हे उघड आहे. स्त्रीचे जननक्षम वय तेवढेच मानले जाते. परंतु भारतीय स्त्रीची मासिक पाळी सरासरीने ४६ व्या किंवा ४७ व्या वर्षाच्या सुमारास कायमची थांबते. म्हणजे तिच्या शरीरात तारुण्यागमनानंतरचे सर्वांत मोठे स्थित्यंतर घडत असते, नेमक्या त्याच सुमारास शासनाच्या वहीतील तिचे पान मिटते.

ही केवळ सांख्यिकीतील एक सोय आहे असे म्हणून भागणार नाही. १९६१ च्या कायद्याने प्रसूतिरजा दिली आणि २०१७ मध्ये ती २६ आठवड्यांची झाली. जननी सुरक्षा योजना २००५ पासून सुरू आहे. गावातील आशा कार्यकर्तीला गरोदर स्त्रीची नोंद, तिच्या तपासण्या, तिचे बाळंतपण यांचा चोख हिशेब ठेवावा लागतो. हे सर्व योग्यच झाले, आणि त्यामुळे असंख्य मातांचे प्राण वाचले. तथापि या सगळ्या व्यवस्थेला स्त्री दिसते ती प्रामुख्याने माता म्हणून. मातृत्वाचा काळ संपल्यानंतर तिच्यासमोर आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षे उभी असतात. त्या वर्षांतील तिच्या प्रकृतीचा विचार कोणी करावयाचा, या प्रश्नाला वर्धा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात आजही समाधानकारक उत्तर मिळत नाही.

रोग नव्हे, संक्रमण

रजोनिवृत्ती हा शब्द जितका भारदस्त, तितकाच तो व्यवहारापासून दूर राहिला. बोलताना स्त्रिया ‘पाळी गेली’ एवढेच म्हणतात आणि विषय संपवतात. वस्तुतः ही गोष्ट आपल्या परंपरेला अपरिचित नाही. सुश्रुताने रजोदर्शनाचे वय बारा आणि रजःक्षयाचे वय पन्नास असे शतकांपूर्वीच सांगून ठेवले आहे. आधुनिक वैद्यकाची व्याख्याही साधी आहे. अन्य काही कारण नसताना सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे समजावे. तोपर्यंतचा जो काळ असतो त्याला संधिकाल म्हणता येईल. बीजांडकोशांचे कार्य या काळात मंदावू लागते. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण एका लयीत कमी न होता वर-खाली होत राहते, आणि पाळी कधी लवकर, कधी उशिरा, कधी थोडी, कधी अतिशय अशी अनियमित होते. हा काळ एक-दोन वर्षांचा असू शकतो, तसाच सात-आठ वर्षांचाही असू शकतो. या अवधीत गर्भ राहण्याची शक्यता घटली तरी संपलेली नसते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

इस्ट्रोजेनचा संबंध गर्भाशयापुरता मर्यादित नाही. मेंदूतील तपमान-नियंत्रण, झोप, हाडांची घडण, रक्तवाहिन्यांची लवचिकता, त्वचा, मूत्रमार्ग यांवर त्याचा प्रभाव असतो. म्हणूनच ते ओसरू लागले की एकाएकी अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटते, रात्री घामाने जाग येते, छाती धडधडते, सांधे दुखतात, विसरायला होते, क्षुल्लक कारणाने डोळ्यांत पाणी येते किंवा संताप अनावर होतो. योनिमार्गात कोरडेपणा येऊन संबंध वेदनादायक होतात आणि वारंवार उन्हाळी लागते. या तक्रारी सर्वांना होतात असे नाही. काहींना जवळजवळ काहीच जाणवत नाही, तर काहींना वर्षानुवर्षे त्रास होतो.

आणखी एक बाजू नजरेआड करता कामा नये. अनेक स्त्रियांना पाळी गेल्याचे समाधान वाटते. दर महिन्याची कटकट संपते, गर्भ राहण्याची धास्ती संपते. ज्या घरांत अजूनही विटाळ पाळला जातो तेथे देवघराचा आणि स्वयंपाकघराचा उंबरठा बाराही महिने मोकळा होतो. विटाळाची रूढी समर्थनीय नाही, परंतु तिच्यातून सुटल्याचा आनंद खरा असतो. तेव्हा रजोनिवृत्ती म्हणजे सर्वस्व गमावणे, असे चित्र रंगविण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या संक्रमणातून निरोगी अवस्थेत पार पडण्याचा आणि त्यासाठी लागणारे ज्ञान, अन्न, विश्रांती व वैद्यकीय मदत मिळण्याचा.

शेतात आणि शाळेत

या बाबतीत सर्व स्त्रियांना एकच उपदेश करून चालत नाही. वर्धा जिल्ह्यात कापूस वेचणीचे काम मुख्यतः स्त्रियाच करतात आणि त्याची मजुरी किलोवर मिळते. पन्नाशीच्या आसपासच्या मजूर स्त्रीची बोटे आखडू लागली, गुडघे धरू लागले, रात्रभर झोप लागली नाही, तर दुसऱ्या दिवशी वेचलेल्या कापसाचे वजन घटते आणि तेवढी मजुरी बुडते. तिच्या दृष्टीने रजोनिवृत्ती ही सरळसरळ उत्पन्नातील घट असते. मात्र तिची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही. पावसाळ्यातील निंदण ओणव्याने किंवा उकिडवे बसून करावे लागते. अनेक बाळंतपणे आणि जड ओझी यांमुळे ओटीपोटाचे स्नायू आधीच सैल पडलेले असतात. पाळी गेल्यानंतर ते अधिक दुबळे होतात आणि ‘अंग बाहेर येण्याचा’ त्रास बळावतो. तो निमूटपणे सोसला जातो, कारण सांगावे कोणाला हाच प्रश्न असतो.

शिक्षिकेची किंवा कचेरीत काम करणाऱ्या स्त्रीची स्थिती निराळी, पण अडचण तितकीच खरी. राज्य शासनाच्या सेवेत निवृत्तीचे वय सामान्यतः ५८ आहे. म्हणजे रजोनिवृत्तीनंतर सेवानिवृत्तीपर्यंत अकरा-बारा वर्षांची नोकरी शिल्लक असते. मुख्याध्यापिका होण्याची, अधीक्षकाच्या खुर्चीवर बसण्याची हीच वर्षे. याच काळात पाच-सहा तास उभे राहून शिकवावयाचे, एप्रिलमधील परीक्षा सांभाळावयाच्या, पाऱ्याने चाळिशी ओलांडलेली असताना पत्र्याखालच्या वर्गात बसावयाचे. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. बाहेर असा उन्हाळा आणि अंगातही वाफा, अशा दुहेरी उष्म्याची कल्पना पुरुष सहकाऱ्यांना सहसा येत नाही. शाळेत स्वच्छ, पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह नसेल तर स्त्रिया पाणीच कमी पितात, आणि मूत्रमार्गाचे विकार ओढवून घेतात.

घरी आल्यावर कामाचा दुसरा फेरा सुरू होतो. केंद्रीय सांख्यिकी खात्याच्या २०२४ च्या वेळ-विनियोग सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, तर पुरुषांचा ८८ मिनिटे. याच वयात मुलांची दहावी-बारावी, मुलीचे लग्न, सासू-सासऱ्यांचे आजारपण अशी जबाबदाऱ्यांची गर्दी झालेली असते. अशा स्त्रीला ‘जरा विश्रांती घेत जा’ असे सांगणे सोपे आहे. परंतु विश्रांतीसाठी लागणारी मिनिटे दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यातून वर्ग व्हावी लागतात, हा साधा हिशेब त्या सल्ल्यात धरलेला नसतो.

मौन आणि बाजार

या विषयावर दोन प्रकारचे अन्याय झाले आहेत. पहिला मौनाचा. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग आणि वर्ध्यात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. ग्रामीण स्त्रीचे दुखणे बाळंतपणापलीकडेही असते, याकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते विदर्भातील या दोन गावांमुळे. ‘बायकांचे असायचेच’ या दोन शब्दांआड किती वेदना दडपली गेली होती, हे त्या आकड्यांनी दाखवून दिले.

महाराष्ट्रात हे मौन फोडण्याचा प्रयत्न त्याही आधी झाला होता. गणिताचे प्राध्यापक असलेल्या र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून शरीराविषयी स्पष्ट व शास्त्रीय भाषेत लिहिता येते हे सिद्ध केले. त्याबद्दल त्यांच्या वाट्याला खटले आणि उपेक्षा आली. आज खटले होत नाहीत, पण संकोच मात्र पुष्कळसा कायम आहे.

दुसरा अन्याय बाजाराचा. जेथे माहिती नसते तेथे भीती विकता येते. चाळिशीतील स्त्रीला अंगावरून जास्त जाऊ लागले, पोटात दुखू लागले, की ‘पिशवी काढून टाका, पुढे कर्करोग होईल’ असा सल्ला मिळतो आणि भीतीपोटी कर्ज काढून शस्त्रक्रिया केली जाते. या प्रवृत्तीचे भीषण रूप २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात समोर आले. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या प्रश्नावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. म्हणजे जवळजवळ दर सहा स्त्रियांमागे एक. पाळीमुळे कामात खंड पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, उचल फिटावी, असे आर्थिक हिशेब या शस्त्रक्रियांच्या मुळाशी होते. श्रमाच्या बाजारात टिकण्यासाठी शरीराचा एक अवयव द्यावा लागावा, याहून विदारक सौदा दुसरा नसेल.

हा प्रश्न बीडपुरता नव्हता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अशा शस्त्रक्रियेचे मध्यक वय ३४ वर्षे आढळले, आणि दोन तृतीयांशांहून अधिक शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयांत झालेल्या होत्या. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. कर्करोग, मोठ्या गाठी, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव अशा कारणांसाठी ही शस्त्रक्रिया आवश्यक ठरते व ती प्राण वाचविते, यात शंका नाही. परंतु गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते. ते ठेवले तरी ती काहीशी लवकर येण्याचा संभव असतो. मग हाडांची झीज आणि हृदयविकाराचा धोका दहा-पंधरा वर्षे अगोदर सुरू होतो. पस्तिशीतील मजूर स्त्री साठीच्या स्त्रीसारखी थकते, तेव्हा तिच्या आळसाची चर्चा होते. कारणाची होत नाही.

बाजाराचे हे धडे परदेशातही गिरविले गेले. अमेरिकेत १९६६ मध्ये एका स्त्रीरोगतज्ज्ञाने पुस्तक लिहून रजोनिवृत्ती हा इस्ट्रोजेनच्या अभावाने होणारा रोगच ठरविला आणि गोळ्यांचा खप वाढला. १९७५ मध्ये या गोळ्या एकट्या घेतल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असे दिसून आले. पुढे २००२ मध्ये एका मोठ्या अमेरिकन चाचणीतील संमिश्र संप्रेरकांचा भाग स्तनकर्करोगाच्या वाढत्या धोक्यामुळे मध्येच थांबविण्यात आला आणि लोलक दुसऱ्या टोकाला गेला. स्त्रियांनी व डॉक्टरांनीही या औषधांचा धसका घेतला. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हा तपशील मात्र गर्दीत हरवला. आजचे वैद्यकीय मत मध्यम मार्गाचे आहे. वयाच्या साठीच्या आत, किंवा रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत, त्रास तीव्र असेल आणि अन्य धोका नसेल तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली संप्रेरकोपचार बहुतेकींना हितकारक ठरतो. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनच्या वर्गातील औषध द्यावेच लागते. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, रक्तात गुठळ्या झाल्या असतील, यकृताचा गंभीर विकार असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर हा उपचार सामान्यतः टाळला जातो. अशांसाठी संप्रेरकविरहित औषधेही उपलब्ध आहेत. थोडक्यात, शेजारणीची गोळी आपल्याला चालत नाही आणि औषधाच्या दुकानदाराचा सल्ला हा वैद्यकीय सल्ला नव्हे.

प्रकृतीची निगा

औषधांची गरज सर्वांनाच पडते असे नाही, निगा मात्र सर्वांनाच घ्यावी लागते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये अशा स्त्रीसाठी कॅल्शियमची दैनंदिन शिफारस १,२०० मिलीग्रॅम ठरविली आहे, अन्य प्रौढांपेक्षा २०० मिलीग्रॅमने अधिक. एक पेला दुधातून त्यातले साधारण एक पंचमांश मिळते. म्हणजे ही गरज भागविण्यासाठी दूध-दही, तीळ, शेवग्याचा पाला, हिरव्या पालेभाज्या यांची सांगड घालावी लागते. तिळाची चटणी हा विदर्भाच्या ताटातील जुना पदार्थ. तो तोंडी लावण्यापुरता न राहता रोजच्या आहाराचा भाग झाला पाहिजे. त्याच्या जोडीला डाळी, शेंगदाणे, सोयाबीन, अंडी यांतून प्रथिने मिळाली नाहीत तर स्नायू झडतात. जिल्ह्याच्या शेतात तूर आणि सोयाबीन पिकते, पण ते बाजारात जाते. घरातील शेवटची पंगत जिच्या वाट्याला येते तिच्या ताटात डाळीचे पाणी तेवढे उरते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या होत्या. संधिकालातील अतिस्राव या रक्तक्षयात भर घालतो.

व्यायामाच्या बाबतीत शेतमजूर स्त्री आणि कारकून स्त्री यांची पारडी उलट आहेत. पहिलीला श्रम व ऊन भरपूर, पण अन्न आणि विश्रांती अपुरी. दुसरीला अन्न पुरेसे, पण हालचाल थोडी आणि सूर्यप्रकाश त्याहून थोडा. म्हणून दुसरीने आठवड्यातून दीडशे मिनिटे तरी झपाझप चालावे, थोडे वजन उचलण्याचे व्यायाम करावेत, सकाळच्या उन्हात काही वेळ काढावा. पहिलीला चालण्याचा उपदेश करणे ही थट्टा ठरेल. तिला पोषण, ओझे कमी करणारी अवजारे आणि दुखण्याच्या दिवशी मजुरी न बुडण्याची हमी हवी. ओटीपोटाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम दोघींनाही उपयुक्त आहे, आणि तो बसल्या जागी करता येतो. तंबाखू दोघींनीही सोडली पाहिजे. गरम वाफांचा त्रास असेल तर सुती व सैल कपडे, भरपूर पाणी, रात्रीचे हलके जेवण, चहा-कॉफीवर आवर या साध्या उपायांनी पुष्कळ आराम पडतो.

इस्ट्रोजेनचे कवच दूर झाल्यावर हृदयविकाराच्या बाबतीत स्त्री पुरुषाच्या बरोबरीला येऊ लागते. म्हणून रक्तदाब, रक्तशर्करा व वजन यांवर लक्ष हवे. तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब व मधुमेहासाठी, तसेच तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी प्राथमिक तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहेच, त्याचा लाभ घेतला पाहिजे. काही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तपासणी तातडीने व्हावी. ‘पाळी परत आली’ म्हणून दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते. चाळिशीच्या आत पाळी थांबली, फार रक्तस्राव होऊ लागला, स्तनात गाठ लागली, तरीही डॉक्टरांकडे गेले पाहिजे. दोन-दोन आठवडे उदास वाटत राहिले, जगण्यात रस उरला नाही, तर तो स्वभावाचा दोष न मानता उपचार करण्याजोगी अवस्था मानावी. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून त्यासाठी आहे.

घरातील पुरुषांचा वाटा यात मोठा आहे. ‘अलीकडे हिचे डोके फिरले आहे’ असे म्हणणाऱ्या नवऱ्याने, ‘आई उगाच चिडते’ म्हणणाऱ्या मुलाने, ‘सासूबाईंचा जाच वाढला’ असे समजणाऱ्या सुनेने या बदलामागील शरीरधर्म समजून घेतला, तर घरातील निम्मे कलह मिटतील. समजून घेण्याचा पुरावा मात्र शब्दांत नको. सकाळचे पाणी भरणे, रात्रीची भांडी, म्हाताऱ्यांची औषधे यांतील काही कामे दुसऱ्याच्या अंगावर गेली पाहिजेत. त्या २८९ मिनिटांतून तासभर जरी सुटला, तरी अनेक औषधांहून तो गुणकारी ठरेल.

वर्ध्याला काय करता येईल

इतर अनेक जिल्ह्यांच्या मानाने वर्धा जिल्हा भाग्यवान आहे. कस्तुरबांच्या स्मृतीशी निगडित असलेले सेवाग्रामचे रुग्णालय स्त्रिया व बालके यांच्यासाठी सुरू झाले. त्यातूनच १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या नेतृत्वाखाली खेड्यातील वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. सावंगी मेघे येथे दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तज्ज्ञांची वाण नाही. उणीव आहे ती तज्ज्ञ आणि कारंजा, आष्टी, समुद्रपूरच्या खेड्यातील स्त्री यांच्यामधल्या दुव्याची.

असा दुवा जोडण्याचा अनुभवही या जिल्ह्याच्या गाठी आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेणारी आरोग्यविम्याची योजना राबविली गेली. हंगामात ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावयाची, आणि गरजेच्या वेळी सर्वांनी उपचार घ्यावयाचे. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत विम्याचे जे तत्त्व सूत्रांनी मांडले जाते ते येथे पायलीने मोजले गेले. सेवाग्रामच्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेऊन तेथील कुटुंबांशी संबंध ठेवते, ही प्रथाही जुनी आहे. या दोन परंपरांचा धागा पकडून चाळिशीपुढील स्त्रियांसाठी निश्चित कार्यक्रम आखणे मुळीच अशक्य नाही.

त्याला फार मोठा खर्च लागेल असेही नाही. आशा कार्यकर्तीच्या तपासणीपत्रकात पाळीची स्थिती, गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली आहे का आणि कोणत्या वयात, एवढी नोंद वाढवावी. आठही तालुक्यांतील सरकारी रुग्णालयांत महिन्यातून निदान एक ठरलेला दिवस या स्त्रियांसाठी असावा आणि त्या दिवशी वैद्यकीय महाविद्यालयांतील तज्ज्ञ तेथे यावेत. जिल्ह्यात होणाऱ्या गर्भाशयाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेचे, विशेषतः चाळिशीच्या आतील स्त्रियांच्या, कारणासह परीक्षण व्हावे व त्याचा गोषवारा प्रसिद्ध व्हावा. शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा आपल्याला हक्क आहे, हे प्रत्येक बचतगटाच्या बैठकीत सांगितले जावे. शाळा व कचेऱ्यांत स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, पंखा आणि बसण्यास खुर्ची या चार गोष्टींचा आग्रह शिक्षक व कर्मचारी संघटनांनी वेतनवाढीच्या मागणीइतक्याच निष्ठेने धरावा. महाविद्यालयांत मुलांनाही हा विषय शिकविला जावा, कारण उद्या तेच नवरे आणि अधिकारी होणार आहेत.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी औषधे वेळेवर मिळत नाहीत, तेथे हे नवे काम कशाला, असे विचारले जाईल. आक्षेपात तथ्य आहे, परंतु हिशेब अपुरा आहे. साठीनंतर मोडलेले खुब्याचे हाड, न ओळखलेला रक्तदाब, उशिरा कळलेला कर्करोग यांचा खर्च कुटुंबाला शेत गहाण ठेवायला लावतो. पन्नाशीत केलेली तपासणी, ताटातील दही आणि तिळाची चटणी यांचा खर्च त्या मानाने नगण्य ठरतो. शिवाय खर्चाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी न्यायाचा उरतोच. जिच्या श्रमावर शेत, शाळा आणि घर चालते, तिच्या आयुष्याचा उत्तरार्ध समाजाने जमाखर्चात धरला नाही, तर तो समाज आपलेच हिशेब खोटे ठेवतो. सर्वेक्षणातील ४९ हा आकडा बदलायला दिल्लीत वेळ लागेल. आशाच्या पत्रकातील दोन रकाने आणि घरातील कामाची वाटणी बदलण्यास मात्र दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.